डावीकडचा नवा, उजवीकडचा जुना

“मॅडम, तुमचं गणित हुईस्तवर आमचं लोखंड ओतून, थिजून, गंजून जातंय बगा.”

चौगुले शेठ माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची पुढे केली होती, पण ते बसायला तयार नव्हते. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे आणि आमचं ऑफिस तिथून दोन गल्ल्या सोडून. माझ्या स्क्रीनवरची हिरवी पट्टी पाऊण भरत आली होती. हा हिशेब, म्हणजे आमच्या भाषेत रन, आदल्या दिवशी दुपारी लावलेला होता.

“संध्याकाळपर्यंत देते,” मी म्हणाले.

“आनी त्यात गडबड निघाली तर?”

“मग रायझर हलवायचा आणि परत रन लावायचा.”

“म्हंजे परवा.”

“हो. परवा.”

ते गप्प झाले. हे काही चांगलं लक्षण नव्हतं. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असलेला माणूस. फोनवरसुद्धा त्यांचं बोलणं शेजारच्या टेबलाला ऐकू जायचं. ते गप्प झाले म्हणजे खरंच अडचणीत होते.

अडचण सांगण्याआधी आमचं काम सांगते. कास्टिंग ओतायच्या आधी ते साच्यात कसं थंड होईल, हे कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी करते. वितळलेलं लोखंड थिजताना आकसतं. जो भाग आधी थिजतो, तो शेजारच्या पातळ लोखंडातून आपली तूट भरून घेतो. जो भाग सगळ्यांत शेवटी थिजतो, त्याला द्यायला कुणी उरलेलं नसतं. तिथं आत पोकळी राहते. या जागेला आम्ही हॉटस्पॉट म्हणतो, मोबाइलवाला नव्हे. त्या जागेजवळ मुद्दाम लोखंडाचा एक जादा गोळा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. तो शेवटपर्यंत पातळ राहतो आणि हॉटस्पॉटला लोखंड पुरवतो. कास्टिंग गार झालं की रायझर कापून टाकायचा. म्हणजे सगळा खेळ हॉटस्पॉट नेमका कुठं आहे यावर.

चौगुल्यांकडे एका नव्या गिऱ्हाइकाची पंपाची बॉडी आली होती. दिसायला सुबक, भिंती पातळ, वर मान. पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली की मानेच्या बुंध्याशी झिरपायचं. पहिले नमुने परत आले, दुसरेही परत आले. गिऱ्हाइकानं कळवलं की पुढचे नमुने गळले तर पॅटर्न उचलून नेतो. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूत साचा काढतात तो मूळ आकार. तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. टेम्पो येतो, पॅटर्न चढवतो, आणि त्याच्याबरोबर ते काम दुसऱ्या फाउंड्रीत जातं. त्यासाठी भांडायचीसुद्धा सोय नसते.

आमच्या सॉफ्टवेअरनं हॉटस्पॉट मानेच्या उजव्या अंगाला दाखवला होता. चौगुल्यांनी रायझर तिथं ठेवला. तरी गळालं. मग त्यांनी परत आलेली एक बॉडी त्याच जागेवर कापून बघितली. आत लोखंड भरीव. पोकळी नाही म्हणजे दोष थिजण्याचा नाही, असा अर्थ निघाला. मग उरली वाळू. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं तर वाफ होते आणि लोखंडात भोकं पडतात. वाळूचं काम मोल्डिंग सुपरवायझर मगदूम यांच्याकडे. चौगुल्यांनी सगळ्या शॉपसमोर, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या कामगारांसमोर, त्यांना सुनावलं होतं, “वाळू तुझी, गळती तुझी.”

तेव्हापासून मगदूम साच्याच्या प्रत्येक बॉक्सपाशी स्वतः उभे राहायचे. मूठभर वाळू घेऊन दाबून बघायचे. पाणी कमी करायचे, मग वाढवायचे. मी एकदा माप घ्यायला गेले होते तेव्हा मला म्हणाले, “काय करावं कळंना झालंय बगा.” आवाज अगदी खाली. पूर्वी त्या माणसाची हाक गेटपर्यंत ऐकू यायची.

चौगुले गेल्यावर आमचे मालक जाधवसाहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

“नवीन मशीन घेऊया काय?” त्यांनी विचारलं.

“आहे ते मशीन पुरेसं आहे, साहेब. आपण त्याचा एक कोपरा वापरतोय.”

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मूळची हातकणंगल्याची. शिकून पुण्याला गेले आणि मोठ्या कॉम्प्युटरवर चालणारे शास्त्रज्ञांचे प्रोग्राम वेगवान करायच्या कामात पडले. आईचं आजारपण वाढलं तशी परत आले आणि जाधवसाहेबांकडे लागले. माझ्या कामाला व्हेक्टरायझेशन म्हणतात. ते काय असतं हे मी नातेवाइकांना आजवर समजावू शकलेले नाही. चौगुल्यांना मात्र ते दोन वाक्यांत कळलं.

दुसऱ्या दिवशी ते रिझल्ट बघायला आले होते. रिझल्ट तोच होता, मानेची उजवी बाजू. मी त्यांना विचारलं, “शेठ, लहान कास्टिंग असलं तर एका बॉक्समध्ये किती नग काढता?”

“आठ. कदी बारा.”

“वाळू एकदाच ठोकता, लोखंड एकदाच ओतता, नग आठ. प्रोसेसरचंही तसंच आहे. एका हुकमात तो आठ बेरजा करू शकतो. आमचा कोड बॉक्समध्ये एकच नग ठेवतो आणि सात जागा रिकाम्या सोडतो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “मग इतकी वर्सं येकेक नग काढत बसलाय कशापायी?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला पुढचा आठवडा लागला.

आमच्या सॉफ्टवेअरचा गाभा दिवाण सरांनी लिहिलेला. सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि जाधवसाहेब त्यांचे विद्यार्थी. निवृत्त होताना सरांनी कोड त्यांच्या हातात दिला आणि त्यावर कंपनी उभी राहिली. नंतर लोकांनी त्याला रंगीत चित्रं जोडली, बटणं जोडली, रिपोर्ट जोडले. गाभ्याला कुणी हात लावला नाही. मी रुजू झाले तेव्हा जाधवसाहेबांनी मला सांगितलं होतं, “सगळं बदला, तेवढं सोडून.”

गाभा म्हणजे एक लूप. तेच काम पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या ओळींना लूप म्हणतात. आख्खं कास्टिंग आणि भोवतीची वाळू लहान लहान चौकोनी घरांत वाटायची. अशी लाखो घरं. प्रत्येक घराचं तापमान त्याच्या शेजाऱ्यांवरून काढायचं: डावा, उजवा, पुढचा, मागचा, वरचा, खालचा. सगळी घरं झाली की घड्याळ जरासं पुढे सरकवायचं आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. सगळं लोखंड थिजेपर्यंत हेच.

मी कंपायलरला विचारलं की हा लूप तू आठाआठानं का चालवत नाहीस. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. त्याला सांगितलं तर तो कारणं देतो. त्यानं कोरडेपणानं कळवलं: अवलंबित्व आहे. म्हणजे या घराचा हिशेब डावीकडच्या घरावर अवलंबून आहे, आणि ते डावीकडचं घर आत्ताच, याच फेरीत बदललं आहे. ते होईपर्यंत हे थांबणार. आठवं घर सातव्यासाठी खोळंबलेलं, सातवं सहाव्यासाठी. अशी रांग एका बॉक्समध्ये बसत नाही.

मी जाधवसाहेबांना हे सांगितलं. ते स्वतः इंजिनिअर. लगेच म्हणाले, “कंपायलरला दुर्लक्ष कर म्हणून सांगता येतं ना? एका ओळीचं काम आहे.”

“येतं. कोड पळेल. उत्तर चुकीचं येईल, आणि रोज तेच चुकीचं उत्तर येईल. त्यामुळं कुणाला पत्ता लागणार नाही.”

“मग?”

“तापमानाचे दोन संच ठेवायचे. एक आधीच्या फेरीचा, एक या फेरीचा. वाचायचं जुन्यातून, लिहायचं नव्यात. मग कुणी कुणासाठी थांबत नाही. पण त्यासाठी सरांचा लूप मोडायला लागेल.”

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचं बीपबीप चाललं होतं. ट्रक लागला आणि आवाज थांबला. मग ते म्हणाले, “कॉपी करून घ्या आणि करा. किती दिवस लागतील ते मी विचारणार नाही.”

नोकरीत मला बरेच साहेब मिळाले. किती दिवस लागतील हे न विचारणारा हा एकच. पुढच्या आठवड्यात त्यांनी खरोखर विचारलं नाही. चौगुल्यांचे फोन स्वतः घेतले. माझ्या टेबलावरून जाताना पावलं थोडी हळू पडायची, एवढंच.

मी लूप उलगडला. दोन संच केले. जुन्या कोडमध्ये प्रत्येक घराची सगळी माहिती एका पुडक्यात बांधलेली होती: तापमान, धातू की वाळू, किती थिजलं. ती पुडकी सोडली आणि सगळी तापमानं एका रांगेत ओळीनं ठेवली, म्हणजे प्रोसेसरला एका घासात आठ उचलता येतील. मग आतले ‘जर-तर’ काढले. घर वाळूचं असेल तर हे करा, लोखंडाचं असेल तर ते करा, थिजत असेल तर तिसरंच काही. आठ जणांना एकच हुकूम द्यायचा असेल तर असे फाटे चालत नाहीत. म्हणून सगळे हिशेब सगळ्यांसाठी करायचे आणि शेवटी ज्याला जो लागू असेल तो ठेवायचा. ऐकायला वाया घालवल्यासारखं वाटतं, पण फाटा फुटून थांबण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

एका सकाळी कंपायलरनं कळवलं की लूप व्हेक्टराइज झाला. एवढंच वाक्य. ते वाचून मला अजूनही शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होतो. घरं एकमेकांसाठी थांबत नव्हती, त्यामुळं काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरमध्ये, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणाऱ्या त्याच्या भागांमध्येही वाटता आलं. मी पंपाची बॉडी लावली आणि डबा उघडला. जो रन दुसऱ्या दिवसापर्यंत चालायचा, तो ताक प्यायच्या आत संपला.

मी जाधवसाहेबांना हाक मारली. ते जवळजवळ धावत आले. मग आम्ही दोघांनी चित्र नीट बघितलं.

हॉटस्पॉट सरकला होता. मानेच्या उजव्या अंगाला असलेला लाल ठिपका बोटभर डावीकडे आला होता.

“उत्तर बदललं,” जाधवसाहेब म्हणाले.

“हो.”

“सरांचं बरोबर असणार.”

मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं चाललेला कोड एकीकडे आणि माझा आठवड्याचा कोड दुसरीकडे. बेरजांचा क्रम बदलला की शेवटच्या दशांशात थोडा फरक पडतो, तो नेहमीचाच. पण बोटभर फरक शेवटच्या दशांशातला नसतो. मी माझा कोड ओळ न ओळ तपासला. शेजारी चुकलाय का बघितलं. धातूचे आकडे बघितले. चूक सापडेना. पंपाच्या बॉडीवर बघून काही कळणारही नव्हतं, कारण तिथलं खरं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून मी उत्तर आधीच ठाऊक असलेलं एक कास्टिंग घेतलं. लोखंडाचा साधा घन, सगळीकडून सारखाच, भोवती सगळीकडून सारखीच वाळू. शेवटी थिजणार तो बरोबर मध्यबिंदू. याला सॉफ्टवेअर कशाला हवं, कुणीही सांगेल. माझ्या कोडनं ठिपका बरोबर मध्यावर दाखवला. मग तोच घन सरांच्या कोडला दिला.

ठिपका मध्यावर नव्हता. एका कोपऱ्याच्या दिशेनं सरकला होता. मी पुन्हा लावला. पुन्हा तिथंच.

मला आनंद झाला नाही, भीती वाटली. जाधवसाहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ठिपका होता तिथंच राहिला.

“सरांना काय सांगायचं?” ते म्हणाले.

दिवाण सर राजारामपुरीत राहतात. जाताना गाडीत जाधवसाहेबांनी मला बजावलं, “मी काही बोलणार नाही. तुम्ही बोला.” सरांना हल्ली समोरचं दिसत नाही. नजरेच्या मधोमध धूसर ठिपका असतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. वाचणं बंद झालं आहे. पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. आवाजावरून त्यांनी जाधवसाहेबांना ओळखलं आणि माझी ओळख करून घेतली.

मी गाडीत तीन-चार सुरुवाती ठरवल्या होत्या. एकही आठवली नाही. “सर, तुमच्या मुख्य लूपबद्दल एक शंका आहे,” एवढंच म्हणाले.

“वाच,” ते म्हणाले.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला लागले. टी म्हणजे तापमान, आय म्हणजे घराचा नंबर. टी ऑफ आय बरोबर, टी ऑफ आय अधिक के गुणिले, कंसात टी ऑफ आय उणे एक... ते डोळे मिटून ऐकत होते. खुर्चीच्या हातावर बोटानं ताल धरल्यासारखं करत होते. काही ठिकाणी माझ्याआधी पुढचा शब्द त्यांच्या तोंडून यायचा.

“थांब,” ते एकदम म्हणाले. “ते परत वाच.”

मी परत वाचलं.

“आय उणे एक. हा डावीकडचा. तो याच फेरीत बदललाय.”

“हो, सर.”

“आणि आय अधिक एक अजून मागच्या फेरीतला.”

“हो.”

“डावीकडचा नवा, उजवीकडचा जुना. एकाच ओळीत!” त्यांचं बोट थांबलं. “घन घेऊन बघितलंस का?”

“बघितलं, सर.”

“किती सरकतो?”

“कोपऱ्याकडे सरकतो, सर. पंपाच्या बॉडीत बोटभर.”

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. जाधवसाहेब फरशीकडे बघत होते. आणि सर हसायला लागले. मनापासून, खांदे हलवत.

“अगं, ऐकलंस का?” त्यांनी आत हाक दिली. “चहा टाक. माझी चूक सापडली!”

काकूंचा आवाज आला, “मी इतकी वर्षं दाखवतेय, तेव्हा नाही कधी चहा टाकायला सांगितला.”

चहा आला. सरांनी मग सगळं सांगितलं. कोड लिहिला तेव्हा मशीनची मेमरी एवढीशी. तापमानाचे दोन संच मांडले की मशीन बसायचं. म्हणून जागच्या जागी बदलत जायचं ठरवलं. थोडा फरक पडणार हे तेव्हा माहीत होतं. पण तेव्हाची कास्टिंग जाडजूड आणि रायझर त्याहून दांडगे. बोटभर इकडे की तिकडे, कुणाला कळायचं नाही. पुढं मशीन मोठी झाली, कास्टिंग पातळ झाली, ती ओळ मात्र तशीच राहिली.

“आणि शेवटी वेळेला एका आकड्यानं गुणलंय बघ,” ते म्हणाले. “तो काढून टाक. थंड व्हायची वेळ फाउंड्रीतल्या वेळेशी जुळेना, म्हणून मी घातला होता. का जुळत नव्हती ते आज कळलं.”

तो आकडा आम्ही सगळे पवित्र समजत होतो. नंतर माझ्या कोडमधून काढून बघितला. वेळ त्याच्याशिवायच जुळली.

जाधवसाहेब इतका वेळ नुसते चहा फुंकत होते, प्यायचं विसरले होते. सर त्यांच्या दिशेला वळले. “संजय, तोंड का पाडलंयस? माझा कोड कुणीतरी शेवटपर्यंत वाचला. यापेक्षा काय हवंय मला?”

निघताना त्यांनी मला थांबवलं. “घन हा कागदावरचा. लोखंड फोडून बघितल्याशिवाय माझ्या कोडला चूक म्हणू नकोस, आणि तुझ्या कोडला बरोबर म्हणू नकोस.”

आम्ही तिथून थेट फाउंड्रीत गेलो.

चौगुल्यांनी ऐकून घेतलं. “म्हंजे येकदा तुमी सांगितलं तितं कापलं, काय न्हाय निघालं. आता म्हंताय दुसरीकडं काप.”

“हो.”

“आनी तितं बी न्हाय निघालं तर?”

“तर माझं चुकलं. मग तुम्हाला आमच्याशिवायच मार्ग काढायला लागेल.”

माझ्या शेजारी जाधवसाहेब होते. त्यांच्या कंपनीचं नाव मी पणाला लावत होते आणि ते माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हते. फक्त मान हलवली, म्हणजे बरोबर बोलते आहे ही.

“मगदूम!” चौगुले ओरडले. “परत आलेल्यातली येक बॉडी आन हिकडं!”

मगदूमांनी बॉडी आणली. मी मानेपासून माप घेतलं, त्यांनी खडूनं रेघ मारली. पहिल्या वेळी कापलं होतं त्याच्यापासून बोटभर अंतरावर. बॉडी बँडसॉवर, लोखंड कापायच्या करवतीवर, चढली. पातं चालू झालं, पांढरं पाणी वाहायला लागलं. जाड लोखंड कापायला वेळ लागतो. आजूबाजूचे लोक कामं सोडून येऊन उभे राहिले होते. चौगुल्यांनी त्यांना हाकललं नाही.

बॉडीचे दोन भाग झाले. मगदूमांनी एक भाग फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला.

बरोबर मानेच्या बुंध्यात सुपारीएवढी जागा स्पंजासारखी झाली होती. भोवतीचं लोखंड चकचकीत, आणि मध्ये ही काळी, भोकाभोकांची जाळी. तिथून पाणी झिरपत होतं. पहिली रेघ तिच्या अगदी शेजारून गेली होती.

मगदूमांनी त्यावरून बोट फिरवलं. “वाळूचं न्हाय हे,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे, स्वतःशीच.

“न्हाय,” चौगुले म्हणाले. मग ते वळले. ज्या आवाजात त्यांनी मगदूमांना सुनावलं असेल, त्याच आवाजात, आख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं बोलले, “मगदूम, वाळू तुजी चांगलीच हुती! चूक माजी हाय!”

मगदूम जरा गडबडले. “न्हाय शेठ, मी बी सारकं पानी कमी-जास्त करत बसलोतो की. मला बी वाटाय लागलंतं, आपलंच चुकतंय.” एवढं बोलून ते तोंड धुवायला नळाकडे गेले. बराच वेळ लावला त्यांनी.

चूक शेठची नव्हती. आमच्या कोडची होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जाधवसाहेब म्हणाले, “शेठ, चूक आमच्याकडची. तुम्ही आम्ही सांगितलं तिथं कापलंत.”

चौगुल्यांनी हात झटकला. “ते ऱ्हाऊ द्या आता. दुरुस्त कसं करायचं ते सांगा.”

त्या दुपारी चौगुले आमच्या ऑफिसात आले आणि पहिल्यांदा खुर्चीत बसले. रायझर बोटभर डावीकडे घेतला. रन लावला, चहा झाला, उत्तर आलं: बरं, पण पुरेसं नाही. “थोडा वर घ्या.” परत रन. “आता बारीक करून बगा.” परत रन. पूर्वी एवढं करायला पंधरवडा गेला असता. शेवटी त्यांनीच सुचवलं की बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला चिल लावून बघू. चिल म्हणजे साच्यात ठेवलेला गार लोखंडाचा तुकडा. तो उष्णता ओढून घेतो आणि तो भाग लवकर थिजवतो. चिल टाकल्यावर ठिपका बॉडीतून निघून सरळ रायझरमध्ये गेला. म्हणजे पोकळी आता कापून टाकायच्या भागात होणार होती.

“बास,” चौगुले म्हणाले. “हेच वता.”

नवे नमुने गेले. गिऱ्हाइकाकडे चाचणी होती त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या कामात डोकं घातलं होतं. दुपारी जाधवसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो कानापासून लांब धरला. आम्हा सगळ्यांना आपापल्या टेबलावर ऐकू आलं.

“येक थेंब न्हाय, साहेब! येक थेंब बी न्हाय!”

पॅटर्न चौगुल्यांकडेच राहिला. आज ती बॉडी त्यांच्याकडं नियमित ओतली जाते आणि मोल्डिंग मगदूमांकडेच आहे.

आमच्याकडे एक काम उरलं होतं. जुन्या गिऱ्हाइकांना सांगायचं. जाधवसाहेबांनी एकेकाला स्वतः फोन केला. एकानं चिडून विचारलं, “म्हणजे इतके दिवस चुकीचं देत होता?” साहेब म्हणाले, “थोडं चुकीचं. हो. आता परत करून देतो.” रन आता पटकन व्हायचे, म्हणून सगळ्यांची जुनी कामं पुन्हा तपासता आली. बहुतेकांचे रायझर दांडगे होते, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. दोघा-तिघांचे रायझर उलट लहान करता आले. जो चिडला होता तो अजून आमचंच सॉफ्टवेअर वापरतो.

सरांना नवा लूप वाचून दाखवायला मी पुढच्या रविवारी गेले. तो ऐकून ते म्हणाले, “बरोबर आहे. पण माझा आखूड होता.” काकूंनी मला थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. तेव्हापासून काही अडलं की मी जाते आणि वाचून दाखवते. त्यांना दिसत नाही म्हणून मला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचावी लागते, आणि मोठ्यानं वाचताना निम्म्या चुका मलाच ऐकू येतात.

या सगळ्यात मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. मालकानं दिवस मोजले नाहीत, शेठनं दुसऱ्यांदा कापू दिलं, आणि ज्यांचा कोड मोडला त्यांनी चहा पाजला. यांतलं एक जरी झालं नसतं तर मी ठिपका गुपचूप परत उजवीकडे नेला असता, किंवा कुणीतरी मला तो न्यायला लावला असता.

मला कुणी चूक शोधायला बसवलं नव्हतं, वेग वाढवायला बसवलं होतं. पण वेग वाढवायचा तर कोड ओळ न ओळ वाचावा लागतो, आणि तो इतक्या वर्षांत कुणी वाचला नव्हता, कारण तो चालत होता. चालणारा कोड कुणी वाचत नाही. तुमच्याकडे असा एखादा असेल तर वेळ काढून वाचा. जमलं तर ज्यानं लिहिला त्याच्यासमोर बसून वाचा, तो आहे तोवर.